म्होरं काय लिवलंय?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका घरी, भर पावसाळ्यातल्या संध्याकाळी, आम्ही आठ जण सतरंजीवर बसलो होतो. ख्रिस्ती मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, तीन वडील (चर्चचे कारभारी), पाळक, एक मुलगी, तिची आई, तिचा मामा आणि महिला संघाच्या वतीनं मी. मुलीच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. कोपराच्या वर तिला मार लागलेला दिसत होता आणि ती सारखी पदरानं तो झाकत होती. सासरी परत जायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

मंडळीच्या एका वडिलांनी पिशवीतून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. नव्या करारातलं प्रेषित पौलाचं इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय. बाविसावं वचन वाचलं, तेविसावं वाचलं, चोविसावं वाचलं. पत्नींनी आपापल्या पतीच्या अधीन असावं. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. हे गृहस्थ दुष्ट नव्हते. माझ्या वडिलांच्या आजारपणात दोन रात्री दवाखान्यात बसून राहिलेले आहेत. आपण देवाचा शब्द सांगतोय आणि मोडू पाहणारा संसार सावरतोय, असंच त्यांना मनापासून वाटत होतं.

मुलीची आई चौथी शिकलेली. आयुष्यभर उसाच्या भांगलणीला जाणारी. ती म्हणाली, "म्होरं काय लिवलंय? त्येबी वाचा की."

कुणी वाचलं नाही. पाळकांनी प्रार्थना केली, चहा झाला. पंधरा दिवसांनी मुलगी नांदायला गेली आणि चार महिन्यांनी कायमची परत आली. पुढचं वचन मला पाठ होतं. लहानपणी शब्बाथशाळेत त्यासाठी बक्षीस मिळालं होतं. तरी मी त्या सतरंजीवर गप्प बसले. ते गप्प बसणं गेली कित्येक वर्षं मला टोचतंय आणि त्याच टोचणीतून हा लेख लिहिते आहे.

त्या माउलीच्या प्रश्नात शास्त्र वाचण्याची एक अख्खी पद्धत आहे. आपल्या मंडळ्यांनी ती उचलली तर स्त्री-पुरुषांविषयीच्या कठीण वचनांवरचा आपला निम्मा वाद मिटेल. राहिलेला निम्मा कठीणच राहील, पण निदान प्रामाणिक राहील.

पौलाचं लेखन म्हणजे पत्रं आहेत, ही साधी गोष्ट आपण विसरतो. पत्रावर नाव असतं. इफिसच्या पत्रात पौल घरातल्या एकेकाला हाक मारून बोलतो: पत्नींनो, पतींनो, मुलांनो, बापांनो, दासांनो, धन्यांनो. ज्याचं नाव घेतलंय त्यानं त्या ओळी आपल्यासाठी वाचायच्या. पत्नींना सांगितलेलं पत्नींनी मनावर घ्यायचं, पतींना सांगितलेलं पतींनी. पतींनो, आपल्या पत्नीला अधीन ठेवा, असं वाक्य या अध्यायात नाही. पेत्राच्या पत्रात नाही, कलस्सैकरांच्या पत्रात नाही, नव्या करारात कुठंच नाही. कुणीही शोधून पाहावं. आपल्याकडे मात्र पुरुषांनी बायकांच्या नावचं पत्र फोडलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि स्वतःच्या नावचं पाकीट न उघडताच खिशात ठेवलं.

ते पाकीट जाड आहे. पत्नींना तीन वचनं, 22 ते 24. पतींना 25 पासून 33 पर्यंत नऊ, त्यातल्या शेवटाकडे पत्नीसाठी एक वाक्य. ख्रिस्तानं मंडळीवर प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी पत्नीवर प्रीती करा. आपल्या शरीराचं जसं पालनपोषण करता, तसं तिचं करा. कुणी कधी आपल्या देहाचा द्वेष केला नाही, असं पौल तिथं लिहितो. कोपराच्या वर काळानिळा डाग घेऊन बसलेल्या मुलीसमोर हे वचन वाचलं असतं तर त्या खोलीत मान खाली घालायची वेळ कुणावर आली असती? एकोणतिसाव्या वचनापर्यंत पोचलो असतो तर तिला परत पाठवायचा ठराव आमच्या तोंडून निघाला नसता.

आणि मागचंही वाचायला हवं होतं. एकविसावं वचन सांगतं की ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. हे सगळ्यांना आहे. ग्रीक भाषेतल्या काही अगदी जुन्या हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. तिथं नुसतं "पत्नींनी आपापल्या पतीच्या" एवढंच येतं आणि "अधीन असा" हे आधीच्या ओळीतून उसनं घ्यावं लागतं. म्हणजे बाविसावं वचन एकविसाव्याशिवाय उभंच राहत नाही. आपल्या छापील पुस्तकांत मात्र अनेकदा या दोन ओळींच्या मधोमध ठळक अक्षरात नवं शीर्षक टाकलेलं असतं. ते शीर्षक पौलानं दिलेलं नाही. पण आपली वाचनं तिथूनच सुरू होतात, लग्नातलीसुद्धा.

"मस्तक" या शब्दाचंही असंच आहे. पती पत्नीचं मस्तक आहे, हे ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे घरचा कर्ता पुरुष येतो, सातबाऱ्यावर ज्याचं नाव आणि घरात ज्याचा शब्द शेवटचा. ग्रीक शब्दाचा अर्थ अधिकारी की उगम, यावर अभ्यासकांचं भांडण जुनं आहे आणि ते मिटलेलं नाही. मला ते मिटण्याची वाट पाहावीशी वाटत नाही, कारण या अध्यायात त्या शब्दाचा अर्थ पौल स्वतःच सांगतो. मस्तक म्हणजे जो शरीराला तारतो, जो स्वतःला देतो. ज्या गुरुवारी रात्री येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला वाकला, ते मस्तक. त्याच्या नावावर हात उगारायची परवानगी मागणं ही देवनिंदा आहे, आणि हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

यावर जे उत्तर मिळतं तेही मी अनेकदा ऐकलंय. "बाई, तुम्ही फिरवून अर्थ काढता. जे सरळ लिहिलंय ते सरळ घ्यावं." या म्हणण्यामागची श्रद्धा मला कळते. शास्त्राला आपल्या सोयीनं वाकवलं जाईल ही भीती खरी आहे, आणि तसं करणारी माणसंही आहेत. पुण्यात नोकरी करणारी माझी भाची मला म्हणते, "आत्या, पौलाला बायका आवडत नव्हत्या, सोडून द्या त्याला." मी पौलाला सोडायला तयार नाही. ज्यानं गलतीकरांना लिहिलं की यहूदी नि हेल्लेणी (ग्रीक), दास नि स्वतंत्र, पुरुष नि स्त्री हा भेद ख्रिस्तात उरत नाही, त्याच माणसाचे बाकीचे शब्द समजून घेण्याचे कष्ट मी घेणारच.

पण सरळ घ्यायचं म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ज्या अध्यायात स्त्रीनं शिकवू नये असं आहे, त्याच अध्यायात, तीनच वचनं अलीकडे, स्त्रियांनी केस गुंफू नयेत, सोनं, मोती आणि भारी वस्त्रं घालू नयेत असंही सरळ लिहिलं आहे. आपल्याकडे लग्न ठरलं की घरचे गुजरीत, सराफांच्या पेठेत, जाऊन बसतात. कोल्हापुरी साज, बोरमाळ, पाटल्या, मुलीच्या वेणीत गजरा. एकाही वडिलांनी वेदीजवळ उभं राहून नवरीला साज काढायला लावल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि तसं करूही नये. रोमकरांना पौल सांगतो की पवित्र चुंबनानं एकमेकांना सलाम करा. आपण "जय ख्रिस्त" म्हणतो, हात जोडतो, आणि त्या आज्ञेचा गाभा पाळला असं योग्यच समजतो. म्हणजे काळ, गाव आणि रीत बघून वचन समजून घ्यायची कला आपल्याला चांगली येते. सोन्याच्या बाबतीत येते, चुंबनाच्या बाबतीत येते. बाईच्या बोलण्याशी आलं की मात्र ही कला आपण विसरतो.

याहून गंभीर उदाहरण आपल्याच मंडळीच्या जन्माशी जोडलेलं आहे. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले आणि इथल्या कामाची सुरुवात झाली. ते ज्या देशातून आले, तिथं त्या वर्षी गुलामगिरी कायदेशीर होती, आणि दक्षिणेतल्या चर्चमध्ये इफिसच्या याच पत्राचा पुढचा अध्याय वाचला जात होता: दासांनो, आपल्या धन्यांची आज्ञा पाळा. सरळ लिहिलंय ते सरळ घ्या, हे तेव्हाही म्हटलं गेलं. 1865 मध्ये तिथली गुलामगिरी घटनादुरुस्तीनं संपली. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपलं "गुलामगिरी" अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं, ज्यांनी काळ्या माणसांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. त्या लोकांतले कितीतरी बायबलवर श्रद्धा ठेवणारेच होते. ते पुढचं वाचत गेले होते.

इथं विरोधातला सगळ्यात मजबूत मुद्दा येतो आणि तो मी टाळणार नाही. गुलामगिरी माणसानं केली, लग्न देवानं नेमलं. दोन्ही एका तागडीत घालू नका. बरोबर आहे, लग्न देवानं नेमलं. पण कसं नेमलं ते उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे. नर आणि नारी दोघंही देवाच्या प्रतिरूपात. दोघांनाही पृथ्वीवर सत्ता. स्त्रीला "अनुरूप साहाय्यक" म्हटलं म्हणून ती दुय्यम असं ज्यांना वाटतं त्यांनी 121 वं स्तोत्र काढावं. माझं साहाय्य परमेश्वराकडून येतं, असं तिथं आहे, आणि हिब्रूत शब्द त्याच मुळाचा आहे. जुन्या करारात तो बहुतेक वेळा देवासाठीच येतो.

मग "तो तुझ्यावर स्वामित्व चालवील" हे कुठं येतं? तिसऱ्या अध्यायात, पापानंतर. त्याच दमात, दोन वचनं पुढे, जमीन काटे आणि कुसळं उगवील असंही येतं. आता आमच्या शिरोळ-करवीरच्या शेतात उभं राहून विचार करा. तण उगवतं, हे त्या शापाचं वर्णन आहे. म्हणून भांगलण करणं देवाच्या इच्छेविरुद्ध आहे असं आजवर एकाही ख्रिस्ती शेतकऱ्यानं म्हटलेलं नाही. उलट सकाळी आठला खुरपं घेऊन बायका सरीत उतरतात. 1847 मध्ये जेम्स यंग सिम्प्सन या स्कॉटिश डॉक्टरांनी बाळंतिणीला क्लोरोफॉर्म दिलं, तेव्हा वेदना हाच स्त्रीला दिलेला दंड असल्याची हरकत निघाली, आणि त्यांना शास्त्राधारेच उत्तर लिहावं लागलं. वेदना कमी करायची, तण काढायचं, आणि पुरुषाची धनीगिरी तेवढी देवाची आज्ञा म्हणून जपायची, हा हिशेब मला कधीच जुळलेला नाही.

आता करिंथकर, म्हणजे करिंथच्या मंडळीला पौलानं लिहिलेलं पत्र. इथं मला माझ्या आज्जीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. आज्जी उपासनेत डोक्यावर पदर घेतल्याशिवाय कधी बसली नाही. आणि प्रार्थनेला उभी राहिली की दहा मिनिटं थांबायची नाही. गावातल्या आजाऱ्यांपासून दिल्लीतल्या मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना देवापुढे हजर करायची. पदर आणि आवाज, दोन्ही. पहिल्या करिंथकरांच्या अकराव्या अध्यायात पौलानं नेमकी हीच बाई गृहीत धरली आहे. स्त्री प्रार्थना करते किंवा संदेश देते तेव्हा तिचं डोकं कसं असावं, एवढंच तो सांगतो. ती बोलते, हे त्याला मान्य आहे. नाहीतर डोक्याचा प्रश्न येतोच कशाला?

मग तीन अध्यायांनंतर तोच माणूस "स्त्रियांनी मंडळ्यांमध्ये गप्प राहावे" असं कसं लिहितो? हा खरा गुंता आहे. चौदावा अध्याय सगळा वाचला तर दिसतं की उपासनेत गोंधळ माजला होता, आणि पौल तिथं तिघांना गप्प बसवतो. अन्य भाषा बोलणाऱ्याला, अर्थ सांगणारं कुणी नसेल तर. संदेश देणाऱ्याला, दुसऱ्याला काही प्रकट झालं तर. आणि स्त्रियांना, ज्यांनी काही शिकायचं असेल तर घरी विचारावं असं तो म्हणतो. तिन्ही ठिकाणी ग्रीक क्रियापद एकच आहे. पहिल्या दोघांना आपण जन्माची चुप्पी लावली नाही. तिसरीला लावली. शिवाय काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं, 34 आणि 35, आपल्या जागी नसून अध्यायाच्या शेवटी, चाळिसाव्या वचनानंतर सापडतात. त्यावरून ती मूळ पत्रात नव्हतीच, समासातली टीप नंतर आत शिरली, असं काही गंभीर अभ्यासक मानतात. मी त्या टोकाला जात नाही. पण ज्या दोन वचनांची जागा हस्तलिखितांतच हलते आहे, त्यांच्यावर अर्ध्या मंडळीला कायमचं मुकं करण्याचा पाया घालू नये.

आणि पत्राचंच बोलायचं तर करिंथकरांनी आधी पौलाला लिहिलं होतं. सातव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो तसं सांगतो. आपल्या हातात फक्त उत्तर आहे. सावकाश वाचायला एवढं कारणही पुरे.

सगळ्यात कठीण वचन पहिल्या तीमथ्यात आहे, दुसरा अध्याय, 11 ते 15. यावर थोडं थांबते, कारण स्त्रियांना उपदेशपीठापासून दूर ठेवायचं असलं की हेच पुढे केलं जातं. पौलाचा सहकारी तीमथ्य इफिसात होता. का होता? पहिल्याच अध्यायात कारण आहे: काही लोक भलतंच शिक्षण देत होते, त्यांना थांबवायला. आणि इफिस म्हणजे अर्तमी देवीचं शहर. तिचं देऊळ प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांत मोजलं जायचं. प्रेषितांच्या कृत्यांत त्या देवीच्या नावानं अख्खं शहर नाट्यगृहात धावून आल्याचं वर्णन आहे.

अकराव्या वचनात आज्ञा काय आहे पाहा: स्त्रीनं शिकावं. शांतपणे, अधीनतेनं, हे कसं शिकावं ते झालं. आज्ञार्थी क्रियापद "शिकावे" हे आहे. गुरूच्या पायांशी बसून नियमशास्त्र शिकणं हा त्या काळी पुरुषाचा मार्ग होता. पौल स्वतः गमलिएलाच्या पायांशी शिकला आणि मार्थाची बहीण मरीया प्रभूच्या पायांशी बसली. शिकण्याच्या दारातून बाईला आत घेणारं हे वचन आहे. बाराव्या वचनात "अधिकार चालवणे" असं ज्याचं भाषांतर होतं तो ग्रीक शब्द नव्या करारात पुन्हा कुठंच येत नाही. अधिकारासाठी पौल एरवी जो शब्द वापरतो तो हा नव्हे. साधा अधिकार असाच अर्थ काही अभ्यासक लावतात. दुसऱ्यावर कुरघोडी करणं, दामटून स्वामित्व गाजवणं अशी छटा इतरांना दिसते. पौलानं नेहमीचा शब्द सोडून हा दुर्मीळ शब्द उचलला याला मी महत्त्व देते.

"पण तो आदाम-हव्वेचा दाखला देतो. म्हणजे हे इफिसपुरतं नाही, सर्वकाळचं आहे." हा आक्षेप वजनदार आहे. करिंथकरांतही तो असाच दाखला देतो, स्त्री पुरुषापासून झाली म्हणतो. पण तिथं तो थांबत नाही. पुढच्याच ओळींत म्हणतो की तरी प्रभूमध्ये दोघं एकमेकांवाचून नाहीत, कारण पुरुषही स्त्रीच्याच द्वारे जन्मतो आणि सगळं देवापासून आहे. जो माणूस स्वतःचाच दाखला असा उलटवून दाखवतो, त्याच्या अर्ध्या वाक्याचा कायदा करणं मला धोक्याचं वाटतं.

मग येतं पंधरावं वचन, की स्त्री बाळंतपणाच्या द्वारे तारली जाईल. यावर कित्येक वर्षं मी अडखळत होते. ज्यांना मूल नाही त्या बहिणींचं काय? तारण तर कृपेनं आहे ना? उजेड मला टीकाग्रंथात दिसायच्या आधी आज्जीच्या आठवणीत दिसला. आज्जीची आई पहिल्या पिढीतली ख्रिस्ती. पहिल्या बाळंतपणात तिचा जीव घाबरला होता तो कळांनी नव्हे, सटवाईनं. पाचवीला पूजा मांडायची नाही, कोरा कागद नि लेखणी ठेवायची नाही, आणि मग त्या रात्री बाळाच्या कपाळी सटवाईनं काय लिहिलं तर? शेजारणी सांगायच्या, धर्म बाटवलास, आता लेकरू दगावेल. ती रात्रभर दिवा लावून प्रार्थना करत जागी राहिली होती. ग्रीक बायकाही बाळंतपणात अर्तमीचा धावा करायच्या. तिच्याच शहरात जिनं तिला सोडलं, त्या नव्या ख्रिस्ती बाईला पहिली भीती कसली वाटली असेल? भिऊ नको, तू बाळंतपणातून सुखरूप पार पडशील, विश्वासात टिकून राहा, असं कुणी तिला सांगत असेल तर? काही अभ्यासकही याच दिशेनं अर्थ लावतात हे मी पुढे वाचलं. हाच अर्थ शेवटचा, असा माझा हट्ट नाही. पण बायकांना मूल जन्माला घालण्याच्या कामावर नेमणारं वाटलेलं हे वचन, माझ्या पणजीच्या खोलीत नेऊन ठेवलं की धीर देणारं होतं.

हा प्रकाश पुरुषांनी लिहिलेल्या प्रवचनांत मला इतकी वर्षं का मिळाला नाही? त्यांना अभ्यास कमी होता म्हणून नव्हे. पाचवीच्या रात्री त्या खोलीत पुरुष नसायचे.

पंडिता रमाबाईंना हे फार आधी कळलं होतं. आपल्या बायकोला संस्कृत शिकवणाऱ्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तिथंच चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी उत्तरात लिहिलं की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्यानं आम्ही पुरुषांना शिकवण्याला कधी हरकत घेतली नाही, मग या लोकांना का असावी. पुढे त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. 1924 मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झालं, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून, जिथं काम करणाऱ्या बायका समाजानं टाकून दिलेल्या होत्या. स्त्रीनं पुरुषाला शास्त्र शिकवू नये असं आपण म्हणत राहिलो, आणि एका मराठी बाईनं अख्खं शास्त्र आपल्या हातात ठेवलं.

शास्त्रात हे नवं नाही. योशीया राजाच्या काळात मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा त्याचा अर्थ विचारायला याजक आणि चिटणीस हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे गेले. यिर्मया संदेष्टा तेव्हा हयात होता. अपुल्लोसासारख्या विद्वानाला प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्यानं देवाचा मार्ग नीट समजावून दिला. रोमकरांच्या सोळाव्या अध्यायात पौल दहा स्त्रियांची आठवण काढतो. पहिली फिबी, किंख्रियाच्या मंडळीची सेविका, आणि तिथं वापरलेला शब्द पौल स्वतःसाठीही वापरतो. तिथंच युनिया आहे, प्रेषितांमध्ये नामांकित. चौथ्या शतकातल्या योहान ख्रिसोस्तम या धर्मगुरूनं तिचं बाई म्हणूनच कौतुक केलं होतं. पुढे बाई प्रेषित कशी असेल म्हणून तिला पुरुष करण्यात आलं, आणि ग्रीक नव्या कराराच्या छापील आवृत्त्यांतही विसाव्या शतकात बराच काळ ते पुरुषी नाव राहिलं. वचनाला आपल्या सोयीनं वाकवणं म्हणतात ते हे.

हा प्रश्न फक्त आमच्या घरातला नाही. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरेसं होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा त्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागायचं. नुसता मार पुरेसा नव्हता. हे 2001 मध्ये बदललं. 132 वर्षं आमच्या आया-आज्ज्या या कायद्याखाली जगल्या, आणि तो बदलावा म्हणून किती उपदेशपीठांवरून आवाज उठला, हे ज्यानं त्यानं आपल्या मंडळीचा इतिहास आठवून सांगावं.

कोल्हापूरकरांना तर हे समजायला जड जाऊ नये. पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायचे की पुराणोक्त, यावरून सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरात जे घडलं ते आपल्या मुलांना पाठ आहे. कोणता शब्द कुणाच्या कानावर पडावा हे तिसऱ्यानं ठरवायचं, याचा अपमान काय असतो ते हे गाव जाणतं. अलीकडे, मे 2022 मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. ठराव वाचला तेव्हा मला पहिल्या तीमथ्याचा पाचवा अध्याय आठवला, विधवांचा सन्मान कर. आपण दुसऱ्या अध्यायाच्या बाराव्या वचनावर रेंगाळलो, आणि शेजारच्या गावानं पाचव्या अध्यायाचं काम करून टाकलं.

दक्षिण भारताच्या मंडळीनं 2013 मध्ये ई. पुष्पा ललिता यांना बिशप केलं. आपल्याकडच्या कितीतरी मंडळ्यांत अजून वडील मंडळावर एक बाई घ्यायची म्हटली की खुर्च्या सरकल्याचे आवाज येतात. महिला संघानं वर्गणी गोळा करावी, हार्वेस्ट फेस्टिव्हलला स्वयंपाक करावा, आणि महिला रविवारी वर्षातून एकदा बोलावं. पूर्वीच्या बायबल-बाया वाड्यावस्त्यांवर चालत जाऊन वचन सांगायच्या, आणि ओसरीवरचे पुरुष कान देऊन ऐकायचे. त्यांच्या नाती आज चर्चच्या आत गप्प आहेत.

माझं मागणं अवघड नाही. बाई शिकलेली असेल, विश्वासात उभी असेल, मंडळीचा तिच्यावर भरवसा असेल, तर तिला उपदेश करू द्या आणि वडील मंडळात निवडून द्या. मार खाऊन आलेल्या मुलीच्या घरी शास्त्र घेऊन जाल तेव्हा आधी तिला दवाखान्यात न्या. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तिची तक्रार जाऊ द्या, आणि इफिसकरांच्या पाचव्या अध्यायाचं पंचविसावं वचन वाचायला तिच्या नवऱ्याच्या घरी जा. आणि लग्नात इफिसकरांचं वाचन बाविसाव्या वचनापासून नको, एकविसाव्यापासून करा.

हे शेवटचं मी गेल्या डिसेंबरात एका लग्नात वाचन करणाऱ्या तरुण मुलाला सांगून पाहिलं. त्यानं पुस्तकात बोट घालून जागा पाहिली, ठळक शीर्षकाच्या वरची ती ओळ पाहिली, आणि म्हणाला, "ही ओळ मी कधी वाचलीच नव्हती, मावशी." त्यानं तिथूनच सुरुवात केली आणि तेहतिसाव्या वचनापर्यंत न थांबता वाचलं. पुढून तिसऱ्या बाकावर ती बावड्याची आई बसली होती, शेजारी तिची मुलगी. वाचन संपेपर्यंत म्हातारीनं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.